गटार एक नाही, दोन आहेत (मुंबई तुंबण्याच्या त्या फॉरवर्डबद्दल)

पहिला जोराचा पाऊस झाला की आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड येतोच, यंदा चार ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: इंग्रजांच्या गटारांत मुंबई कधी तुंबली नाही, आता तुंबते ती फक्त लोकांच्या प्लास्टिकमुळे, सगळे नाले काँक्रीटचे करा म्हणजे दोन तासांत पाणी गायब, आणि गटारात जे जातं ते शेवटी पालिका शुद्ध करूनच समुद्रात सोडते तेव्हा त्याची काळजी नको. खाली काकांनी लिहिलंय "शंभर टक्के सत्य". काका, पंचवीस धरा.

इंग्रजांचं आधी घेतो. ती जुनी यंत्रणा ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने होती, तीही ओहोटी असताना, आणि पडलेल्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. तेव्हा मुरायला माती होती हो, आता कुठंय? आणि "कधी तुंबली नाही" म्हणजे काय, भायखळा ते वरळी या सखल पट्ट्याला इंग्रज स्वतःच फ्लॅट्स म्हणायचे आणि पावसाळ्यात तिथं पाणी भरायचंच, दादरच्या हिंदमाता चौकाची बशी काही काल झालेली नाही. २६ जुलै २००५ ला दक्षिण मुंबई वाचली ती जुन्या गटारांमुळे, असंही कोणीतरी खाली जोडलंय. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३, आता बोला.

प्लास्टिकचं खरं आहे, अर्धं. रस्त्याकडेच्या जाळ्या आणि ढापे पिशव्यांनी चोक होतात, थर्माकोल नाल्यात अडकतो, यात वाद नाही. पण "फक्त" कसं? शहराची १८६ पातमुखं आहेत, म्हणजे नाल्याचं पाणी जिथं समुद्रात किंवा खाडीत पडतं ती तोंडं, त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली, आणखी १३५ भरतीच्या पातळीखाली, आणि भरतीच्या वर फक्त ६. म्हणजे नाला आरशासारखा घासून काढलात तरी मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र आले की पाणी जायला वाटच नसते, उलट पातमुखाचं दार उघडं राहिलं तर समुद्रच आत येतो. म्हणून हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गजदरबंध इथं पाणी उपसून बाहेर फेकायला पंपिंग स्टेशनं बांधावी लागली. ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे पावसाच्या पाण्याचा निचरा सुधारण्याच्या पालिकेच्या योजनेचा, रिपोर्ट १९९३ चा, ताशी ५० मिमी धरा आणि मुरणं शून्य धरा असं सांगणारा, खरी धावाधाव मात्र २००५ नंतर, ती चूक प्लास्टिकवाल्याची नाही.

काँक्रीटवर फार बोलत नाही, साधा हिशोब करा. एका एकरावर तासात ५० मिमी पडला की झाले साधारण २ लाख लिटर, दहा हजारवाले वीस टँकर. माती असती तर निदान सुरुवातीचा काही भाग तरी थांबला असता, काँक्रीटवरून वीसच्या वीस टँकर लगेच खालच्या गल्लीत. तुमच्याकडून दोन तासांत गायब झालं म्हणजे दुसऱ्याच्या दारात हजर झालं.

आता शेवटचा मुद्दा, माझं डोकं खरं फिरतं ते इथं, कारण बाकीचं चुकलं तर फक्त वाद होतो, पण हे खरं मानून लोक वागतात. गटार एक नाही, दोन आहेत. संडास-बाथरूमचं पाणी मलवाहिनीतून जातं, त्यावर कमीजास्त का होईना प्रक्रिया होते, आणि वरळी-वांद्र्याला ते तीन किलोमीटरपेक्षा जास्त आत समुद्रात नेऊन सोडतात. रस्त्याकडेची जाळी असते ती दुसरी लाईन, पर्जन्य जलवाहिनी. तिच्या वाटेत शुद्ध करणारं काहीही नाही, फार तर नाल्याच्या तोंडाशी तरंगता कचरा अडवायला ट्रॅश बूम, तो बाटली अडवेल, ऑईल कसं अडवणार? आठ महिने रस्त्यावर साचलेलं ऑईल, टायरचा चुरा, कुत्र्यांची घाण, उंदरांचं मूत, सगळं पहिल्या दोनचार पावसांत धुऊन थेट नाल्यात आणि तिथून खाडीत, लोक म्हणतात शहर धुऊन निघालं, अहो धुवण गेलं कुठं ते बघा की. साचलेल्या पाण्यातून चाललात तर ७२ तासांत डॉक्टरकडे जा असं पालिका दरवर्षी सांगते ते लेप्टोसाठी, म्हणजे उंदरांच्या मुतामुळे होणाऱ्या तापासाठी, पाणी स्वच्छ असतं तर सांगितलं असतं का?

यावर काका म्हणणार, मग उन्हाळ्यातही नाला काळा का वाहतो, तेव्हा कुठं पाऊस असतो? बरोबर प्रश्न आहे. जिथं मलवाहिनीच पोचली नाही त्या वस्त्यांचं सांडपाणी नाल्यातच येतं, तो त्यांचा दोष नाही, लाईन टाकणाऱ्यांचा आहे. पण टॉवरवालेही काही कमी नाहीत. बाल्कनी बंद करून तिथं वॉशिंग मशीन ठेवायचं आणि त्याचा पाईप शेजारच्या पावसाच्या पाईपला जोडून टाकायचा, प्लंबर पण काही बोलत नाही, त्याला तेच सोपं. आमच्या विंगमध्ये असे तीन फ्लॅट निघाले, साबणाचं पाणी बाराही महिने सरळ नाल्यात. त्यातला एक आमचाच होता, नऊ वर्षं. मागच्या महिन्यात बदलून घेतलं, प्लंबरने अठराशे घेतले आणि वर विचारलं, "साहेब, चालत होतं की, कशाला बदलताय?"