कॅनडाचा विनोद जुनाच

‘उमेदवाराची इतकी धास्ती आणि इतकी टिंगल अमेरिकेने २०१६ आधी कधी पाहिली नव्हती’ हे अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. १९६४ चे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर विसरलात का? ‘मनातून ठाऊक आहे, ते बरोबर आहेत’ अशा अर्थाची त्यांची घोषणा. विरोधकांनी यमक जुळवून तिचं ‘पोटातून ठाऊक आहे, ते वेडे आहेत’ करून टाकलं. फुलाच्या पाकळ्या मोजणारी चिमुरडी आणि मागोमाग अणुस्फोट, ही त्यांचे प्रतिस्पर्धी, अध्यक्ष जॉन्सन यांची जाहिरातही त्याच वर्षीची; गोल्डवॉटर आले तर अणुयुद्ध, हा तिचा इशारा. एका मासिकाने तर मानसोपचारतज्ज्ञांकडून गोल्डवॉटर यांच्या डोक्याबद्दल कौल मागवला! (गोल्डवॉटर त्या मासिकाविरुद्ध कोर्टात गेले आणि जिंकले. निवडणुकीत मात्र सहाच राज्यं मिळाली.)

२०१६ ला वेगळं होतं ते एवढंच, की ज्याला हसलो तोच निवडून आला. न्यू जर्सीत आमच्या दिवाळी फराळाला विषय एकच: ‘ट्रम्प आला तर कॅनडाला निघायचं.’ सिटिझनशिप मिळालेले मोठ्याने हसत होते, एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावाले जरा बेतानेच. एक मित्र तर चकली खाता खाता फोनवर टोरांटोतली घरं दाखवत होता. ८ नोव्हेंबरला, निकालाच्या रात्री कॅनडाच्या इमिग्रेशनची वेबसाइट खरोखरच बंद पडली, तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही. कॅनडाला गेलंही कुणी नाही. तो मित्र दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या ट्रेनमध्ये, नेहमीच्या खिडकीशी बसलेला होता.