शुगरच्या गोळ्या कमी करायच्या मेसेजबद्दल खुलासा

सांगलीतल्या आमच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की अमेरिकेत फार्मासिस्टनी शुगरवाल्यांच्या गोळ्या कमी करून खर्च वाचवला, म्हणून आपणपण मेडिकलवाल्याला विचारून डोस कमी करायचा. हे चुकीचं आहे हो. तो प्रयोग १९९६ ला नॉर्थ कॅरोलिनातल्या अ‍ॅशव्हिलमध्ये सुरू झाला, तिथं फार्मासिस्ट पेशंटला नियमित भेटायचे, गोळ्या कशा घ्यायच्या ते नीट समजवायचे आणि काय खटकलं तर डॉक्टरला कळवायचे. गोळ्यांचा खर्च तर उलट वाढला, कमी झाला तो एकूण उपचाराचा! आपल्याकडं फार्मासिस्टच्या कामाबद्दलच्या २०१५ च्या नियमांप्रमाणं (फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स) फार्मासिस्ट गोळ्यांची माहिती, सल्ला देऊ शकतो, तो जरूर घ्या, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या डॉक्टरला न विचारता बंद करू नका, प्लीज.