कर मी भरला, नोटीसही मलाच

सरकारचे पैसे भरायला मला उशीर झाला तर जीएसटीत वर्षाला १८ टक्के व्याज. सरकारला माझा परतावा द्यायला उशीर झाला तर ६ टक्के. कायद्यातच लिहून ठेवलंय, अगदी उघड. इन्कम टॅक्सचीही तीच तऱ्हा, माझ्याकडून घेताना महिन्याला एक टक्का, मला देताना अर्धा. बँकेने असा हिशोब केला असता तर आपण काउंटरवर राडा घातला असता. सरकारने केला की सीएला फोन करून म्हणतो, ‘बघा ना, काही होतं का.’

फोंड्याला आमचं हार्डवेअरचं दुकान. पाईप, पंप, रंग, नळाच्या तोट्या. पंपांचा माल घेतला, बिलावर कर छापलेला, पैसे बँकेतून दिले, मालवाहतुकीचं ई-वे बिल आहे, टेम्पोवाल्याची पावती आहे. ते पंप कधीच विकले गेले, लोकांच्या टाक्यांत पाणी चढवताहेत. आणि आता जीएसटी विभाग म्हणतो, तुम्हाला माल देणाऱ्याने तो कर सरकारात भरलाच नाही, सबब तुमचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, रद्द. तोच कर पुन्हा भरा, वर व्याज, वर दंड. जीएसटी कायद्याचं कलम १६(२)(सी).

अहो, त्याला नोंदणी नंबर दिला कोणी? तुम्ही. त्याची रिटर्नं कोणाला दिसतात? तुम्हाला. त्याची नोंदणी मागच्या तारखेपासून रद्द कोणी केली? तीही तुम्हीच. मी त्याच्या घरी जाऊन तिजोरी तपासायची होती काय? तो गेला पळून, मी दुकानात बसलेलो सापडतो, म्हणून मला धरायचं.

नोटीस तरी धड द्यावी! पोस्टाने नाही, दुकानात कोणी आलं नाही. जीएसटीच्या पोर्टलवर ‘अॅडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’ नावाच्या कोपऱ्यात नेऊन टाकली. नोटिसांचा नेहमीचा रकाना वेगळा, हा वेगळा. मग उत्तर आलं नाही म्हणून एकतर्फी आदेश. उच्च न्यायालयांनी असे कित्येक आदेश रद्द केलेत. पण त्यासाठी पर्वरीचं हायकोर्ट गाठायचं, आणि वकिलाची फी माझ्या कराच्या रकमेहून जास्त.

राहिलं अपील. ते करता येतं, पण वादातल्या कराचे १० टक्के आधी भरून. मी कर चुकवला नाही, एवढं ऐकवायचं तरी पैसे मोजा. तिकडे त्यांनी मनात आणलं तर प्रकरणाचा निकाल लागायच्या आधीच त्याच कायद्याच्या कलम ८३ खाली बँकखातं गोठवतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली या अधिकाराला ‘ड्रॅकोनियन’, म्हणजे जुलमी, म्हटलं. म्हटलं, आणि अधिकार आहे तिथेच आहे. खातं गोठलं की पोरांचे पगार, दुकानाचं भाडं, घरातली औषधं, सगळंच अडलं. खात्यातले पैसे म्हणजे माझी मालमत्ताच की. मालमत्तेचा हक्क एके काळी मूलभूत होता, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने त्याला मूलभूत हक्कांतून उठवून घटनेच्या कलम ३००अ मध्ये बसवलं. तेव्हा कोणाला वाटलं असेल, जमीनदारांचं काय ते जमीनदार बघतील.

करच नको असं मी म्हणत नाही. रस्ते, शाळा, बांबोळीचं इस्पितळ त्यावरच चालतं, मान्य. सप्टेंबर २०२५ मध्ये दर उतरले, सिमेंट २८ वरून १८ वर आलं, गिऱ्हाइकं खूश, मीही खूश. पण कलमं तशीच राहिली ना! दरांवर टीव्हीवर चर्चा झडते, या कलमांवर कोणी चकार शब्द काढत नाही. (पेट्रोल तर अजून जीएसटीच्या बाहेरच. २०१२ साली पर्रीकरांनी त्यावरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला होता, तेव्हाचे भाव आठवले की पंपावर तोंड कडू होतं.)

आमच्या गोव्यात पोर्तुगीजांनी शेंडी ठेवण्यावरसुद्धा कर लावला होता, तो १८४० ला उठला. जुलूमच तो, पण कर भरला की शेंडी तरी तुमची राहायची. इथे भरूनही तो भरला असं मानायला कोणी तयार नाही.

शेजारचा किराणावाला म्हणतो, ‘सायबा, भरून टाक रे, कशाला डोक्याला ताप?’ त्याने भरलेत, तशाच भानगडीत, गुपचूप. बाजारात विचारा, चारांतले तिघे हेच सांगतील. सगळे असे भरून टाकतात म्हणूनच हे चालतं, आणि मग वसुलीचे आकडे पेपरात पहिल्या पानावर, पेढे वाटल्यासारखे.

मी नाही भरणार. म्हणजे दहा टक्के भरलेत, नाइलाज आहे, पण बाकीच्यासाठी अपील टाकलंय. सीएची फी वेगळी, आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. त्याचं क्रेडिट मला मिळेल, सीएने तो भरला तर.