उन्हात पडायची सोय

ज्या शहरात स्कूटरवरची मुलगी डोळे तेवढे उघडे ठेवून बाकी सगळं स्कार्फात बांधते आणि वर हातमोजे चढवते, त्या शहरात मी सन डेक बांधतोय. मोटरबोटीच्या मागच्या अंगाला, इंजिनावर, उन्हात उताणं पडायला गादी! बोट जुनी. मेहुण्याने दुबईला जाताना गळ्यात मारली. एरवी पानशेतला असते, सध्या ट्रेलरवर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. ट्रेलरला चाकं दोनच, तेव्हा दर दुचाकीचा लावा असा रीतसर अर्ज दिलाय. सेक्रेटरी माझ्याशी बोलत नाहीत.

जुन्या सीटा उचकटल्या. रेक्झिन नखाने फाटलं. फोमवर गुडघा टेकला तर पाणी थेट पायजम्यात. बोट इतके महिने कोरड्यावर उभी आहे, हे फोमला कोणी कळवलं नव्हतं. खालचा प्लाय पापुद्र्यांनी सुटला आणि पिनांच्या जागी नुसते गंजाचे ठिपके.

भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो. दुकानदारांनी आयएस ७१० चा शिक्का दाखवला.

"मरीन आहे. ७२ तास उकळून बघतात, तरी चिकटवण सुटत नाही. किचनला हवाय?"

"बोटीला. पानशेतला असते."

पानशेत म्हटल्यावर १९६१ चा पूर निघणारच. नारायण पेठेत त्यांच्या आजोळी पाणी कुठवर चढलं होतं, ते त्यांनी माझ्याच प्लायच्या उभ्या शीटवर बोटाने रेघ ओढून दाखवलं. कापायचं मात्र त्या रेघेवर नव्हतं, हे मला तीनतीनदा सांगावं लागलं.

सुतारमिस्त्री गुण्या घेऊन बोटीत उतरले आणि गप्प झाले. बोटीत काटकोन नसतो. शेवटी फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे कापून साचे काढले. मग मी म्हणालो, प्लायला सगळ्या कडांनी इपॉक्सी पाजा, पाण्याचा थेंब आत जाता कामा नये. पाजलं. मग म्हणालो, आता याला भोकं पाडा.

"साहेब, आत्ता तर म्हणालात पाणी जायला नको."

"प्लायमध्ये नको. पण फोममधून खाली उतरलेलं पाणी बाहेर कसं जाणार? आणि भोकांच्या आतूनही इपॉक्सी लावा."

मिस्त्रींनी तंबाखू मळायला घेतली. दोष त्यांचा नाही. पाणी येणारच आहे असं धरून फर्निचर करायचं, हे पुण्यातल्या कुठल्याच सुताराला पटणार नाही. इंजिनावरची फळी उचलायला मात्र त्यांनी हसत हसत बॉक्स-बेडचे हायड्रॉलिक दट्टे सुचवले. आत गाद्या-रजयांऐवजी इंजिन, एवढाच काय तो फरक.

नाना पेठेतल्या सीट कव्हरवाल्यांशी वाद रंगाचा. त्यांना मरून हवा होता, वर डायमंड शिलाई. म्हटलं, प्रत्येक टाका म्हणजे पाण्याला एक दार; आणि एप्रिलच्या दुपारी मरून रेक्झिनवर उघड्या पाठीने पडलं तर इस्तरीच होईल.

"पांढरा मळतो," ते म्हणाले.

"मळू दे. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, सुती कुजतो."

"आणि उघड्या पाठीने पडणार कोण?"

हा प्रश्न मी घरी नेला. बायको डेकवर पहिल्यांदा बसली ती छत्री उघडून. "अहो, गादी छान झालीये, पण इथे ऊन लागतं." आईने गुडघे चाचपत विचारलं, "वर काही घालणार आहेस ना?" मुलीने मोबाइलवर यूव्ही इंडेक्स वाचून दाखवला आणि ती खाली उतरली. सेक्रेटरीसुद्धा मौन सोडून येऊन म्हणाले, "ताडपत्री टाका हो, माणसं होरपळतील."

तर सध्या सन डेकवर छत बसवणं चालू आहे. पाइप स्टेनलेसचा, कापड निळं. मिस्त्री खुशीत आहेत. छताला पंख्याचा हूक नक्की कुठे ठेवू, एवढंच विचारताहेत.