जपानचं यंत्र राहू द्या, बातमी सांगायची रीत घ्या

21 मार्च 2024 च्या सकाळी हिंगोली-नांदेड पट्ट्यात भूकंपाचे लागोपाठ दोन धक्के बसले, 4.5 आणि 3.6 चे. तेव्हापासून जमिनीतून नुसता आवाज आला तरी गावाकडे विचारणा सुरू होते: जपानसारखी भूकंपाचा इशारा देणारी यंत्रणा आपल्याकडे का नाही?

जपानात राहणाऱ्याचं उत्तर: ती आली तरी हिंगोलीतल्या कळमनुरी-वसमतला फारशी कामाची नाही. 2007 पासून इथे टीव्ही-रेडिओवर वाजणारा इशारा म्हणजे भाकीत नव्हे. भूकंप झाल्यावर पहिली लाट सेकंदाला सहा-सात किलोमीटर धावते, घरं पाडणारी दुसरी साडेतीन-चार. त्या फरकात मिळतात ते काही सेकंद, तेही केंद्रापासून लांबच्यांना. केंद्र पायाखालीच असेल तर आधी धक्का, मग इशारा.

शिकायचं ते इथल्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेकडून. भूकंप एकूण किती मोठा हा आकडा ती सांगतेच, पण भर असतो कुठल्या गावात किती हादरा बसला यावर. त्याची 0 ते 7 अशी वेगळी मोजपट्टी आहे. आपल्या वाहिन्या 4.5 चा आकडा लाल पट्टीत फिरवतात आणि शेजारी किल्लारीचे ढिगारे दाखवतात. 1993 चा भूकंप 6.2 चा होता; त्याची ऊर्जा 4.5 च्या सुमारे 350 पट. हे एक वाक्य कुणी बोलत नाही.

परभणी आणि नांदेड आकाशवाणीने निवेदनाचा कागद आधीच लिहून ठेवावा. वेळ, ठिकाण. आकडा प्राथमिक आहे, बदलू शकतो (हे सांगितलं नाही की दुपारी ‘सरकार लपवतंय’ सुरू). पुढचा भूकंप कधी, हे कुणालाच सांगता येत नाही. पुढची माहिती किती वाजता. आणि पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड आजच उतरवा. नांदेडच्या प्रशासनाने तेव्हा हेच सांगितलं होतं. रेडिओवर ते दर तासाला वाजायला हवं.

भिंतीचा विषय मात्र रेडिओचा नाही, तो दाखवावाच लागतो. किल्लारीत माणसं मेली ती जड माळवद आणि दगड-मातीच्या रुंद भिंतींखाली. अशा भिंतीचे दोन थर आतून सुटे असतात. हादऱ्याने फुगून वेगळे होतात आणि छप्पर खाली येतं. उपाय म्हणजे भिंतीच्या आरपार जाणारे दगड: उंचीत दर 60 सेंटीमीटरला एक ओळ, ओळीत दोन दगडांमध्ये फार तर 1.2 मीटर. सह्याद्री वाहिनीने तज्ज्ञांना स्टुडिओत बसवण्यापेक्षा गवंड्याला अशी भिंत बांधताना दाखवावं, दगड कुठे आणि कसा बसतो ते जवळून.