बाटल्यांच्या फळीने खोली गार होत नाही

उन्हाळा लागला की तो व्हिडिओ पुन्हा फिरू लागतो. प्लास्टिकच्या बाटल्या अर्ध्या कापायच्या, फळीला भोकं पाडून त्यांचे गळे खोलीकडे काढायचे, फळी खिडकीत बसवायची. वीज नको, पाणी नको, खोली म्हणे ५ अंशांनी थंड! २०१६ मध्ये बांगलादेशातून 'इको-कूलर' या नावाने ही कल्पना जगभर पोचली. पत्र्याखाली राहणारी माणसं विश्वासाने ती करून बघतात, म्हणून एकेक दावा तपासायलाच हवा.

'गळ्यात हवा दाबली जाते आणि गार होते.' उलट आहे. दाबली की हवा तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक हाताला गरम लागतं ते त्यामुळेच. गार होते ती पसरताना, तीही तिच्याकडून काम करून घेतलं तर. विमानातला एसी असाच चालतो: इंजिनातली दाबलेली, तापलेली हवा घ्यायची, तिची उष्णता बाहेरच्या हवेला द्यायची, मग तिच्याकडून टर्बाइन फिरवून घ्यायचं. बाटलीत ना तसा दाब, ना टर्बाइन. गळ्यातून सेकंदाला १० मीटर वेगाने वारा गेला तरी तापमान उतरतं जेमतेम ०.०५ अंश, आणि वेग ओसरला की तेही परत चढतं. ५ अंश उतरवायला ताशी ३६० किलोमीटरचा वारा लागेल.

'ओठ आवळून फुंकर मारा, गार लागते की नाही?' लागते. आता तळहात ओठांना जवळजवळ टेकवून फुंका; तीच फुंकर कोमट लागेल. हात लांब असला की ती वाटेत आजूबाजूची हवा ओढून घेते आणि कातडीवरचा ओलावा उडवते. गारवा त्याचा.

'करून बघायला काय जातं?' वारा जातो. बाटलीच्या गळ्याचं तोंड तिच्या पोटाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढं. म्हणजे उघडी खिडकी आपणच बुजवली. दुपारी फळीची सावली थोडी उपयोगी पडेल, पण रात्रीची झुळूकही अडते.

बिनखर्चाचा नसला तरी खरा गारवा पाण्यात आहे. १ लिटर पाणी उडताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता शोषतं, म्हणजे १ किलोवॉटचा हीटर ४० मिनिटांत देईल तेवढी. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर आणि वाळ्याच्या ताट्या चालतात त्या याच जोरावर. मुंबईच्या दमट हवेत पाणी नीट उडतच नाही, तिथे ही युक्ती लंगडी पडते. विदर्भात मात्र फळी काढा, खिडकीला वाळा लावा आणि तो ओला ठेवा.