लॅमिनेट फळ्यांच्या सांध्यांबाबत खुलासा
जमिनीवर बसवायच्या लॅमिनेटच्या (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या) फळ्यांचे टोकांचे सांधे सर्व ओळींत एकाच रेषेत ठेवल्यास जमीन मजबूत होते व तुकडे वाया जात नाहीत, असा संदेश नागपुरातील व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. सांधे एका रेषेत आले की चालण्याचा भार तिथेच पडून एकमेकांत अडकणाऱ्या कडा सैल होतात. म्हणूनच खोक्यातील सूचनापत्रकात शेजारच्या ओळींच्या सांध्यांत साधारणपणे २० ते ३० सेंटिमीटर अंतर सांगितलेले असते. उरलेला तुकडा पुरेसा लांब असल्यास त्यानेच पुढची ओळ सुरू करावी, म्हणजे नासाडीही टळते. आपला कोरडा उन्हाळा आणि दमट पावसाळा यांत फळ्यांचा लाकडी तंतूंचा गाभा आकसतो व फुगतो, त्यामुळे फुगण्यासाठी भिंतीलगत मोकळी सोडायची फटही मला तितकीच महत्त्वाची वाटते. मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नये.